जास्तीचा थेंब

छत्तिसाव्या वर्षी कुणी काका म्हटलं तर ते मनाला लावून घेऊ नये, एवढं त्याला कळत होतं. पण पाण्याच्या प्रयोगशाळेतल्या पहिल्याच सकाळी एक तेवीस वर्षांची मुलगी "काका, तुमचा अ‍ॅप्रन उलटा आहे," म्हणाली, आणि तो कानापर्यंत लाल झाला. त्या लालीचा शेड क्रमांकसुद्धा त्याला सांगता आला असता.

कारण त्याआधीची तेरा वर्षं त्याने मामाच्या रंगाच्या दुकानात काढली होती. तिथे सगळे त्याला भाचा म्हणत. गिऱ्हाईकं, रंगारी, टेम्पोवाला, अगदी समोरचा न्हावीसुद्धा. तेव्हा इथेही त्याला भाचाच म्हणू. दुसऱ्या नावाला तो पटकन ओ देईल, याची खात्री नाही.

भाचा रसायनशास्त्रात एम.एस्सी. होता, तोही पहिल्या वर्गात. निकाल लागला त्याच महिन्यात मामाचा काउंटरवरचा माणूस सोडून गेला. मामा म्हणाला, "नोकरी लागेपर्यंत दोन महिने बस. नाहीतरी घरी बसून माश्याच मारणार." आई गेल्यापासून मामा-मामींनीच त्याला वाढवलं होतं. नाही म्हणायला तोंड नव्हतं. त्या दोन महिन्यांची तेरा वर्षं कशी झाली, हे त्याचं त्यालाही सांगता येत नसे. कुणी कोंडून ठेवलं नव्हतं. दुकानाचं शटर रोज सकाळी तोच तर उघडत होता.

पदवीचा कागद काउंटरखालच्या खणात, जुन्या शेड कार्डांच्या गठ्ठ्याखाली होता. लग्नाचं जमलं नाही. शिकलेल्यांना तो दुकानदार वाटे आणि दुकानदारांना शिकलेला.

मात्र एका कामात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. भिंतीचा पोपडा घेऊन गिऱ्हाईक आलं, की भाचा तो पोपडा उजेडात धरी, डोळे बारीक करी, आणि पांढऱ्यात कशाचे किती थेंब पडले की हा रंग होईल, ते सांगे. पुढे रंग जुळवायचं मशीन आलं. मशीन चुकलं की लोक म्हणत, "ते राहू द्या, भाच्याला बोलवा."

एक दिवस ब्रश गुंडाळायला घेतलेल्या रद्दीच्या पानावर त्याला जाहिरात दिसली. पाणी तपासणीसाठी माणूस पाहिजे, रसायनशास्त्राची पदवी हवी, वयाची अट नाही. पान दहा दिवसांपूर्वीचं होतं. त्याने ते घडी करून खिशात ठेवलं आणि ब्रश दुसऱ्या पानात गुंडाळला.

मामाने ऐकून घेतलं. चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"बारा गावचं पाणी प्यायलेल्याने पाणी तपासावं," तो म्हणाला. "तू जन्मभर या एका दुकानातलं प्यायलास. तू काय तपासणार?" मग जरा थांबून, "जातोस तर जा. परत आलास तर काउंटर इथेच आहे. पण मी बोलवायला येणार नाही, आणि कसं चाललंय म्हणून विचारणारही नाही."

मामाने शब्द पाळला.

प्रयोगशाळा दुसऱ्या शहरात होती, एका दुमजली इमारतीत. खाली पंप दुरुस्त करणाऱ्याचं दुकान होतं, त्यामुळे वर टेबलं दिवसभर बारीक थरथरत. विहिरींचं, कारखान्यांचं, बॉयलरचं पाणी बाटल्यांतून येई. काम करणारी माणसं तीन. एक ती मुलगी, जिला सगळे मुंगी म्हणत, कारण ती एका जागी कधी ठरत नसे आणि रिकाम्या हाताने कधी चालत नसे. दुसऱ्या बाई. बाई पंचावन्नच्या होत्या, सव्वीस वर्षं तिथेच होत्या, आणि मालक महिन्यातून एकदा यायचा तोसुद्धा त्यांना विचारून बसायचा. आणि तिसरा भाचा, तीन महिन्यांच्या बोलीवर. तीन महिन्यांनी त्याला कायम करायचं की निरोप द्यायचा, ते बाई ठरवणार होत्या.

त्याने राहायला एक खोली घेतली. खोलीत खाट, टेबल, एक खिडकी. भिंतीचा रंग पाहताच त्याने ओळखलं, की हा एक रंगच नाही. कुणीतरी तीन उरलेले डबे एकत्र ओतले आहेत. संध्याकाळी तो फिरायला जाई. त्या शहरात ओळखीची माणसं नव्हती, पण ओळखीचे रंग पुष्कळ होते. या घराला बाहेरून मोतिया, त्या दवाखान्याला फिका अस्मानी. दुकानात असताना अशा भिंतींबद्दल कुणाशी तरी बोलता येई. इथे तो नुसताच भिंतीपाशी रेंगाळे, आणि घरातून कुणी डोकावलं की पुढे चालू लागे.

रविवारी मामीचा फोन येई. मामा फोनवर येत नसे, पण फोनपासून लांबही जात नसे.

"जेवतोस ना नीट?" मामी विचारी.

"विचार त्याला, पाणी गोड लागतं का तिथलं!" मागून आवाज येई. "आणि म्हणावं, नवीन पोरगा ठेवलाय तो फिका हिरवा आणि फिका निळा ओळखत नाही. मी सांगतोय असं नको सांगूस."

"मामा काही म्हणत नाहीयेत," मामी म्हणे. फोन ठेवल्यावर खोली आधीपेक्षा मोठी वाटे.

कामात त्याचे हात पहिले काही दिवस अडखळले, पण विसरले नव्हते. पाण्यात आम्ल किती ते काढायची पद्धत जुनीच होती. फ्लास्कमध्ये मोजून पाणी घ्यायचं, त्यात दर्शकाचे, म्हणजे आम्ल संपताच रंग दाखवणाऱ्या द्रावणाचे, दोन थेंब टाकायचे, आणि वर उभ्या लावलेल्या काचेच्या नळीतून, म्हणजे ब्युरेटमधून, अल्कलीचं द्रावण थेंब थेंब सोडत फ्लास्क हलवत राहायचं. पाणी बिनरंगी असतं. मग कुठल्यातरी एका थेंबाला ते अगदी फिकट गुलाबी होतं. तो गुलाबी अर्धा मिनिट टिकला, की तोटी बंद करायची आणि नळीवरचा आकडा लिहायचा. सगळा खेळ त्या पहिल्या गुलाबीचा.

दर दहावी बाटली दोघांनी वेगवेगळी तपासायची, असा तिथला नियम होता. दुसऱ्याचा आकडा बघायचा नाही. चिठ्ठीवर लिहून पत्र्याच्या डब्यात टाकायचा, आणि संध्याकाळी बाई डबा उघडत. दोन आकडे जुळले तर ठीक, नाहीतर बाटली पुन्हा.

भाच्याचे आकडे जुळत नव्हते.

"तुमचं परत खाली आलं," बाई म्हणाल्या. "मी दोन पूर्णांक एक, तुम्ही दोन."

"पुन्हा करून बघतो."

पुन्हा केलं तरी दोनच. मुंगीचा आकडा बाईंशी जुळे, बाईंचा मुंगीशी. मुंगीला काम बाईंनीच शिकवलं होतं. दोघी एका बाजूला आणि हा एकटा दुसऱ्या बाजूला.

"काका, तुम्ही घाई करता," मुंगी म्हणाली. "रंग येऊ तरी द्या की!"

"आलेला असतो."

"कुठे? तुमच्या मनात?"

बाई हसल्या नाहीत. "हात बसायला वेळ लागतो. तेरा वर्षं म्हणजे काही थोडी नाहीत," असं त्या मऊ आवाजात म्हणाल्या. त्याला ते हसण्यापेक्षा जास्त लागलं. दुपारी त्या दोघी मोठ्या टेबलापाशी डबा खात. भाचा खिडकीपाशी बसे. कुणी नको म्हटलं नव्हतं, पण कुणी या असंही म्हटलं नव्हतं, आणि आपणहून जाऊन बसणं त्याच्या स्वभावात नव्हतं.

खोलीवर येऊन तो एम.एस्सी.चं पुस्तक उघडी. पुस्तकात लिहिलं होतं, पहिला टिकणारा फिकट रंग. आपल्याला तो दिसतो असं त्याला वाटे. पण सव्वीस वर्षं काम केलेल्या बाईला दिसत नाही आणि रंगाच्या डब्यांत हयात घालवलेल्याला दिसतो, हे कुणी ऐकलं तर काय म्हणेल? उंटावरचा शहाणा म्हणेल. त्याने स्वतःच म्हटलं. मामाचं बरोबर असावं. विद्या वापरली नाही की गंजते, आणि गंज आतून लागलेला असला तर माणसाला दिसतही नाही.

अडीच महिने होत आले. एका सोमवारी, दोघांसाठीची दहावी बाटली तपासताना, गुलाबी आला. भाच्याने तोटी बंद केली. नळीकडे बघितलं. मग दारातून बाईंच्या पाठीकडे बघितलं. आणि तोटी उघडून आणखी एक थेंब सोडला.

संध्याकाळी बाईंनी दोन चिठ्ठ्या शेजारी शेजारी धरल्या. "जुळलं हो!" त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर खराखुरा आनंद होता. "बसला हात."

"काका पास!" मुंगी ओरडली.

दुसऱ्या दिवशी मुंगीने मोठ्या टेबलापाशी तिसरं स्टूल ओढलं. "या की इकडे, तिकडे काय खिडकी राखत बसता?" भाचा जाऊन बसला. बाईंनी मुलीच्या परदेशातल्या घराबद्दल सांगितलं, मुंगीने घरमालकिणीची नक्कल केली. भाच्याने रंगाच्या दुकानातल्या दोन गमती सांगितल्या आणि त्या दोघी हसल्या. किती दिवसांनी आपल्या बोलण्यावर कुणी हसलं, हे मोजायचा त्याने प्रयत्न केला आणि सोडून दिला.

रोज एक थेंब जास्त. फक्त दहाव्या बाटल्यांत टाकला असता तर बाकीचे आकडे वेगळे दिसले असते, म्हणून सगळ्यांत. टाकताना त्याला मामाचं एक वाक्य आठवे. गिऱ्हाईकाला रंग जुळलेला वाटला नाही, की मामा म्हणायचा, "भिंतीवर वाळू द्या, जुळेल." भाचा तेव्हा मान खाली घालून डब्याचं झाकण ठोकत बसायचा. आता तेच वाक्य तो स्वतःला सांगत होता.

मग भिंतीची गोष्ट झाली. प्रयोगशाळेचा व्हरांडा रंगवून घेतला, आणि सकाळी आल्या आल्या बाई रंगाऱ्यावर तापल्या.

"पांढरा सांगितला होता ना मी? हा क्रीम कशाला फासलाय?"

"बाई, पांढराच आहे," रंगारी रडकुंडीला आला होता. "डबा दाखवू का?"

"डबा काय दाखवता, मला डोळे आहेत!"

भाच्याने भिंतीकडे पाहिलं. बाजारात मिळतो त्यातला सगळ्यात पांढरा पांढरा होता. सकाळच्या उजेडात तर डोळ्यांना टोचत होता.

त्यांच्या दुकानात एक निवृत्त मास्तर येत. त्यांनी एकाच खोलीचा पांढरा रंग तीनदा परत केला होता. "पिवळा देतोस मला? म्हाताऱ्याला फसवतोस?" म्हणून भर दुकानात भांडले होते. पुढे त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, आणि महिन्याभराने ते काठी टेकत आले. म्हणाले, "भाच्या, तुझा रंग पांढरा होता रे. माझ्याच डोळ्यांवर पिवळी काच बसली होती. रोज थोडी थोडी, म्हणून कळलं नाही."

भाचा आपल्या जागेवर जाऊन बसला. आता त्याला आठवू लागलं. बाई फ्लास्क खिडकीशी नेऊन धरायच्या. लेबलं लांब धरून वाचायच्या. फिकट गुलाबी त्यांना दिसतच नव्हता. तो पुरेसा गडद झाला की दिसत होता, दरवर्षी थोडा उशिरा. आणि मुंगीला गुलाबी म्हणजे बाईंनी दाखवला तो. तिने दुसरा पाहिलाच नव्हता. प्रयोगशाळेचे आकडे बरोबर येतात का ते पडताळायला बाहेरून एक बाटली वर्षातून एकदा येई, ती यायला अजून सात महिने होते.

म्हणजे त्याचा पहिला आकडा बरोबर होता. ही आनंदाची गोष्ट असायला हवी होती. पण धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत झाली. सांगावं तर खोटे आकडे लिहिले म्हणून आठ दिवसांवर आलेली नोकरी जाणार, आणि ज्या बाईंच्या टेबलापाशी जागा मिळाली त्यांच्याच डोळ्यांचा दोष दाखवून द्यायचा. गप्प बसावं तर नोकरी राहील, स्टूल राहील, दुपारचं बोलणं राहील. फक्त रोज दिसणारा गुलाबी दिसला नाही म्हणायचं. तेवढंच.

त्या रविवारी मामीला त्याने विचारलं, "मामी, आपल्या दुकानातून कधी कुणी खोटा रंग नेला असेल का गं, माझ्या हातून?"

मामी काही बोलायच्या आत मागून आवाज आला, "त्याच्या हातून? छे! माझ्या हातून विचार म्हणावं!"

सोमवारी मुंगी बाटल्या आणायला बाहेर गेली तेव्हा भाचा बाईंच्या टेबलापाशी गेला. त्या रजिस्टरवर रेघा मारत होत्या.

"बाई, एक सांगायचं होतं."

"रजा सोडून काहीही सांगा."

"मी दोन आठवडे एक थेंब जास्त टाकतोय."

बाईंची पट्टी थांबली. "कशात?"

"सगळ्यात."

"का?"

"तुमच्याशी जुळावं म्हणून."

खाली पंपवाल्याने मोटर सुरू केली. टेबलावरच्या काचा बारीक किणकिणल्या. तो आवाज थांबल्यावर बाईंनी पट्टी बाजूला ठेवली.

"याला काय म्हणतात, माहीत आहे ना? या कारणासाठी मी एकाला घरी पाठवलंय. तोही चांगला मुलगा होता."

"माहीत आहे."

"आणि तुमचा खरा गुलाबी माझ्या आधी येतो, असं म्हणणं आहे तुमचं. म्हणजे मी आंधळी." भाच्याने मान खाली घातली. "बोला की! इतकं बोललात. पाण्यात राहून माशाशी वैर नको, म्हणून थांबलात?"

तेव्हा त्याने मास्तरांची गोष्ट सांगितली. सांगताना तो टेबलाकडे बघत होता. गोष्ट संपली तेव्हा बाई दारातून व्हरांड्याच्या भिंतीकडे बघत होत्या.

"ती पांढरी आहे?"

"याहून पांढरा येत नाही, बाई."

बाई उठल्या. "तीन फ्लास्क घ्या. एक नुसतं पाणी, एक तुमचा गुलाबी, एक माझा. मी पाठ करून उभी राहते. जागा बदला आणि मग सांगा."

त्याने पांढऱ्या फरशीवर तीन फ्लास्क मांडले. बाई वळल्या, चष्मा पुसला, वाकून पाहिलं. गडद गुलाबी त्यांनी लगेच उचलून बाजूला ठेवला. उरलेल्या दोन्हींवर त्यांची नजर इकडून तिकडे, तिकडून इकडे जात राहिली. त्याला तिथून पळून जावंसं वाटलं.

"ही दोन्ही पाणीच आहेत," बाई म्हणाल्या. मग हळूच, "नाहीत ना?"

"उजवीकडचा गुलाबी आहे."

बाई स्टुलावर बसल्या. मग त्यांनी लाल पेन काढलं आणि रजिस्टरमधल्या त्याच्या दोन आठवड्यांच्या आकड्यांवर एकेक रेघ मारली. त्यानंतर आपल्या आकड्यांवर. पान उलटलं, त्याआधीच्या पानावरही. रेघा वाकड्या येत होत्या.

"या सगळ्या बाटल्या परत मागवायच्या," त्या म्हणाल्या. "मालकांना मी सांगते. तुम्हाला कायम करत नाही. पुन्हा तीन महिने. यावर वाद नको."

"नाही."

"पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं तुम्ही." त्यांनी पेनाला टोपण लावलं. "मी ऐकलं नसतं, ते सोडा."

बाई ऑपरेशनसाठी गेल्या. परत मागवलेल्या बाटल्यांनी जिना भरला. मुंगीने काही वाईट म्हटलं नाही, पण तिचे पुढचे चार शनिवार फेरतपासणीत जाणार होते आणि गुलाबीवरचा विश्वासही गेला होता. "तुमचं खरंच असेल हो काका," एवढं ती एकदा म्हणाली, "पण आत्ताच का निघालं?" दुपारी ती डबा घेऊन खाली पंपवाल्याच्या बायकोकडे जाऊ लागली. मोठ्या टेबलापाशी तीन स्टुलं होती आणि भाचा परत खिडकीपाशी.

रविवारी मामीने विचारलं, "झालास का रे कायम?"

"अजून तीन महिने."

"अजून तीन?" मागून आवाज आला. "नोकरी आहे का गुडघेदुखी?" मग फोन कुणीतरी हातात घेतल्याची खरखर झाली. पलीकडे नुसता श्वास होता, जाड, ओळखीचा. "पाणी उकळून पी," मामा म्हणाला आणि फोन ठेवला.

सोमवारी आठवड्याचं अल्कलीचं द्रावण बनवायचं होतं. हे काम नेहमी बाईंचं. ते बनवून, त्याची ताकद मोजून, बाटलीवर चिठ्ठी लावायची: तारीख, ताकद, आणि मोजणाऱ्याचं नाव. भाच्याने तीनदा मोजलं. तिन्ही वेळा आकडा तोच आला. चिठ्ठीवर तारीख लिहिली, ताकद लिहिली, आणि पेन हातात घेऊन तो जरा वेळ तसाच उभा राहिला. मग आपलं नाव लिहिलं, पदवीच्या कागदावर होतं तसं, पूर्ण. अक्षर बारीक आलं.

मुंगी आत आली. त्याने तिला बोलावलं, फ्लास्कखाली कोरा कागद सरकवला आणि थेंब थेंब सोडू लागला.

"आत्ता," तो म्हणाला आणि तोटी बंद केली. "दिसलं?"

मुंगी वाकली. तिने एक डोळा मिटला, मग दुसरा.

"हो... म्हणजे, वाटतंय."

काउंटरवर तेरा वर्षं त्याने ते 'वाटतंय' ऐकलं होतं. ज्यांना दिसलेलं नसे, तेच तसं म्हणत. त्याने नळीवरचा आकडा वाचला, लिहिला, आणि फ्लास्क धुवायला नेण्याआधी एकदा उजेडात धरला. होता. अगदी फिकट, पण होता.

"उद्या परत बघू," तो म्हणाला.

"चालेल, काका," मुंगी म्हणाली आणि जिन्यातल्या बाटल्या आणायला गेली.